सल्ला हवा: सर्व्हर रिकामे दिसतात, किती काढावेत?

कोअरमोजणी: सरकारी विभागाचं डेटा सेंटर, व्हीएमवेअरचे एकसारखे ६ होस्ट (व्हर्च्युअल मशीन म्हणजे व्हीएम चालवणारे प्रत्यक्ष सर्व्हर). सरासरी सीपीयू वापर ११ टक्के, मेमरी ४८ टक्के. ४ होस्ट निर्लेखनात टाका असा वरून आग्रह आहे. हिशेब कसा मांडू?

रिकामारॅक: सीपीयू विसरा, इथे मेमरी अडवणार. ६ होस्टचे ४८ टक्के म्हणजे २.८८ होस्ट भरून मेमरी. २ वर ती मावतच नाही. ४ ठेवले तर ७२ टक्के, पण त्यातला १ बंद पडला की उरलेले ३ थेट ९६ वर. ५ ठेवले तर १ पडूनही ७२. म्हणजे आज सुटतो तो एकच.

शिवाय ही सरासरी कुठल्या काळाची? व्हीसेंटर (व्हीएमवेअरचं व्यवस्थापन सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगमध्ये ५ मिनिटांचे नमुने फक्त १ दिवस ठेवतो. वर्षभराचा आलेख दिवसाच्या सरासरीवर बनतो, त्यात वर्षअखेरची झुंबड सपाट होते. नमुने रोज बाहेर साठवा आणि ९५वा शतमक (९५ टक्के नमुने ज्याच्या खाली राहतात तो आकडा) बघा.

कोअरमोजणी: काही व्हीएमना १६ व्हीसीपीयू (आभासी सीपीयू) दिलेत, वापर ३-४ टक्के. राहू देत का?

रिकामारॅक: नको, निविदेतल्या आकड्यांचा तो वारसा असतो. ‘सीपीयू रेडी’ (व्हीएम तयार असूनही प्रत्यक्ष सीपीयूसाठी थांबलेला वेळ) बघा: रिअलटाइम आलेखात नमुना २० सेकंदांचा, म्हणून दर व्हीसीपीयूमागे १००० मिलिसेकंद म्हणजे ५ टक्के. होस्ट कमी केल्यावर हा आकडा ५ च्या वर टिकला तर गर्दी झाली समजा. मेमरी कापताना ‘ॲक्टिव्ह’ (अलीकडे हाताळलेली मेमरी) आकड्यावर विसंबू नका. डेटाबेसची कॅशे त्यात पुरती दिसत नाही. आधी डेटाबेसची किंवा जावा हीपची (जावा प्रोग्राम वापरतो त्या मेमरीची) मर्यादा खाली आणा, मग व्हीएमची.

तारवाला: बेवारस व्हीएम लगेच डिलीट करू नका. आधी फक्त नेटवर्क तोडा, एक महिनाअखेर जाऊ द्या. कुणी ओरडलं तर जोडणं मिनिटाचं काम. तिमाही किंवा वार्षिक अहवाल काढणारी व्हीएम मात्र महिन्याभरात ओरडत नाही, तेवढी शेड्यूल्ड जॉबची यादी तपासा.

होस्ट बाहेर काढताना एसएसडीवर नुसतं ओव्हरराइट पुरत नाही, राखीव ब्लॉकमध्ये डेटा उरतो. डिस्कची स्वतःची सॅनिटाइझ आज्ञा वापरा. रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र हाताळणारं कार्ड) ती बहुधा पुढे जाऊ देत नाही, तेव्हा डिस्क थेट जोडा. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक आणि पुसल्याचा दाखला जडसंग्रह नोंदवहीला लावा, लेखापरीक्षणात तोच मागतात.

कोअरमोजणी: मग तूर्त १ होस्टचा प्रस्ताव. व्हीएमची मेमरी छाटून ४ होस्टवर यायला किती खाली यावं लागेल?

रिकामारॅक: १ पडल्यावर ८० टक्के चालणार असतील तर ३ × ०.८ = २.४ होस्टभर. म्हणजे आजच्या वापरातला सहावा भाग कमी.