बंदरं वाढवायची कुणाच्या भरवशावर?

खलाशी:
बंदराच्या विस्ताराचा प्रस्ताव आला की त्यात एक आलेख हमखास असतो. मागच्या काही वर्षांची वाहतूक, आणि तीच रेघ पुढे वर चढवलेली. माझा आक्षेप त्या रेघेला आहे. लोक वाट बदलतात तेव्हा ती रेघ मोडते. इंग्लिश खाडीखालचा बोगदा १९९४ मध्ये सुरू झाला, १९९९ मध्ये युरोपीय संघांतर्गत प्रवासातली, म्हणजे फेरीबोटींवरचीही, करमुक्त खरेदी संपली. त्याच खाडीवरच्या इंग्लंडमधल्या फोकस्टोन बंदराची प्रवासी फेरीबोट शेवटी बंदच पडली. धक्का मात्र जागेवर राहिला.

धक्का_सात:
साफ असहमत. प्रवाशांचा न्याय मालाला लावू नका. जगाच्या व्यापारातला वजनाने सुमारे ८० टक्के माल आजही समुद्रानेच जातो; त्याला बोगदा नाही. २०२१ मध्ये लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या अमेरिकी बंदरांबाहेर कंटेनर जहाजं कितीतरी दिवस नांगर टाकून उभी होती. जागा कमी पडली की काय होतं ते तेव्हा दिसलं.

खलाशी:
ती गर्दी घरात अडकलेल्या लोकांच्या खरेदीची होती. ओसरलीच ना? जर्मनीतलं विल्हेल्म्सहाफेनचं खोल पाण्याचं कंटेनर बंदर बघा. २०१२ मध्ये सुरू झालं, पाणी खोल, क्रेन अवाढव्य, पण सुरुवातीची वर्षं काम तुटपुंजं. जहाज कंपन्यांना हॅम्बुर्ग आणि ब्रेमरहाफेन ही जुनी बंदरं सोडवेनात.

ट्रेलरवाली:
तुम्ही दोघंही टनांतच अडकलात. ब्रेक्झिटनंतर, २०२१ पासून, आयर्लंडचा बराच माल ब्रिटनमधून न जाता आयर्लंडच्याच रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सला जाऊ लागला. अशा लांब फेऱ्यांवर ट्रेलर बहुधा ड्रायव्हरविना पाठवतात. ड्रायव्हर सोबत असेल तर ट्रक रॅम्पवरून उतरून सरळ रस्त्याला लागतो. तो नसेल तर बंदराचा टगमास्टर (ट्रेलर ओढणारा ट्रॅक्टर) ट्रेलर ओढून यार्डात लावतो आणि न्यायला कुणी येईपर्यंत तो तिथेच पडून राहतो. टन तेवढेच, जागा मात्र कितीतरी जास्त. हे कुठल्या आलेखात दिसतं?

खलाशी:
म्हणूनच म्हणतो, आधी जमीन राखून ठेवा. धक्के टप्प्याटप्प्याने बांधा, तेही जहाज कंपनीने करार केल्यावरच.

धक्का_सात:
यार्डापुरतं मान्य. पण ब्रेकवॉटर, म्हणजे लाटा अडवणारा बांध, अर्धा बांधून चालत नाही, आणि तो बांधायला वर्षं जातात. तोवर करार करणारी कंपनी शेजारच्या बंदरात गेलेली असेल.