घरच्या एस्प्रेसोसाठी निव्वळ अरेबिका की रोबस्टा मिसळलेले ब्लेंड?

कडूघोट
गेले तीन आठवडे मी दोन पाकिटे शेजारी ठेवून कॉफी करत आहे. एक निव्वळ अरेबिका जातीच्या बियांचे, हलक्या भाजणीचे. दुसरे ब्लेंड, म्हणजे सुमारे ३० टक्के रोबस्टा ही दुसरी जात मिसळलेले आणि गडद भाजलेले. दोन्हींचे १८ ग्रॅम मोजून, ग्राइंडरवरची बारीक-जाड दळण्याची खूण न हलवता, ३६ ग्रॅमचा शॉट (एका वेळी काढलेली एस्प्रेसो) काढला. ब्लेंडचा शॉट २८ सेकंदांत उतरला. वर क्रेमाची, म्हणजे फेसाची, अशी साय होती की टाकलेली साखर क्षणभर वर थांबून मग बुडाली. अरेबिकाचा मात्र १७ सेकंदांतच धो धो वाहून गेला, रंगाने फिकट आणि चवीला लिंबू चोखल्यासारखा. माझे मत स्पष्ट आहे : घरी एस्प्रेसो करणाऱ्याने रोबस्टा असलेले ब्लेंडच घ्यावे, निव्वळ अरेबिकाचा सोस करू नये.

चाळणी
ग्राइंडरची खूण न हलवणे याला तुम्ही निष्पक्षपणा समजलात, आणि नेमकी तिथेच तुलना फसली. हलक्या भाजणीची बी घट्ट आणि चिवट राहते, तिच्यातील अर्क सहजी सुटत नाही, म्हणून ती अधिक बारीक दळावी लागते. १७ सेकंदांत उतरलेला शॉट आंबट लागला, तर तो दोष दळण्याचा आहे, बीचा नव्हे. दळण्याची खूण नव्हे, तर शॉटचा वेळ आणि वजन सारखे ठेवायचे असते.

क्रेमाबद्दलही थोडे. भाजताना बीत अडकलेला कार्बन डायऑक्साइड सुमारे ९ बार दाबाच्या पाण्यात विरघळतो आणि दाब सुटताच फेसाच्या रूपाने बाहेर येतो. रोबस्टात तेलाचा अंश कमी असल्यामुळे हा फेस जाड होतो आणि टिकतो, एवढाच त्याचा अर्थ. एकदा चमच्याने नुसता क्रेमा काढून चाखून पाहा. इतक्या कडू, राखट गोष्टीवरून कॉफीची प्रत ठरवावी असे तुम्हाला पुन्हा वाटणार नाही.

दुधाळ
चाळणी यांचे शास्त्र बरोबर असले, तरी कपात काय उरते तेही पाहायला हवे. मी एका शॉटमध्ये दीडशे मिलिलिटर दूध घालते. त्यात हलक्या अरेबिकाचे फुलांचे, फळांचे सगळे नाजूक गंध बुडून जातात आणि उरते ते आंबुस दूध. रोबस्टाचा कडवटपणा मात्र दुधाला पुरून उरतो. त्यात कॅफीनही जवळपास दुप्पट असते, तेव्हा सकाळी एकाच कपावर भागते.

एकदाणा
मला ब्लेंडबद्दलच वेगळी शंका आहे. १८ ग्रॅममध्ये अंदाजे सव्वाशे ते दीडशे बिया येतात. त्यांपैकी पाचवा हिस्सा रोबस्टाचा मानला, तर सरासरी सत्तावीस-अठ्ठावीस दाणे येतील. पण दर वेळी मोजून तेवढ्याच बिया दळणाऱ्याच्या वाट्याला आज बावीस येतील आणि उद्या तेहतीस. कॅफेतल्या ग्राइंडरच्या भरलेल्या हॉपरमध्ये (वरच्या बियांच्या डब्यात) हा फरक एका कपाकडून दुसऱ्याकडे थोडाफार मुरून जातो. आपल्याकडे तो थेट जिभेवर येतो. एकाच मळ्यातील बी घेतली की हा खेळ संपतो.

दुधाळ
दाणे मोजत बसलात तर दूध निवेल! तुमच्या हिशोबातला फरक दुधात मला तरी कधी जाणवलेला नाही.

कडूघोट
चाळणी, चूक मान्य आहे. काल ग्राइंडर बारीक करत गेलो. पहिले तीन शॉट, म्हणजे ५४ ग्रॅम कॉफी, मोरीत गेली. चौथा २९ सेकंदांत उतरला. आंबटपणा होता, पण आता तो पिकलेल्या फळाचा वाटत होता, आणि निवत गेल्यावर चव उलट सुधारली, हे ब्लेंडच्या बाबतीत कधी झाले नव्हते. तरीही माझा मुद्दा मी सोडत नाही, फक्त बदलतो. ब्लेंड पहिल्याच प्रयत्नात पिण्याजोगे निघाले आणि पाण्याचे तापमान एक-दोन अंशांनी चुकले तरी त्याने सांभाळून घेतले. साध्या यंत्रावर काम करणाऱ्याला हा गुण लहान नाही.

चाळणी
सांभाळून घेणारा हा गुण रोबस्टाचा आहे हे कशावरून? तुमच्या दोन पाकिटांत एक नव्हे, दोन गोष्टी वेगळ्या आहेत : बीची जात आणि भाजणी. गडद भाजलेली बी ठिसूळ होते, तिचा अर्क चटकन सुटतो आणि आम्लता भाजतानाच बरीचशी जळून जाते. ती अरेबिका असली तरी दळण्यातील चुका तितक्याच पोटात घालते. तिसरे पाकीट आणा, निव्वळ अरेबिका पण गडद भाजणीचे, आणि भाजल्याची तारीख ब्लेंडच्या जवळपासची पाहून घ्या. ताज्या बीतील जास्त वायू शॉटचा वेग बदलतो. आणखी एक : तुमच्या यंत्रासोबत दुहेरी तळाचे बास्केट (दळलेली कॉफी भरायची भोकांची वाटी) आले असेल, तर तुलनेसाठी ते वापरू नका. एकाच बारीक भोकातून दाबाने बाहेर पडणारी कोणतीही कॉफी फेसाळतेच.

कडूघोट
बास्केट एकेरी तळाचेच आहे, तेवढे तरी माझ्याकडून बरोबर झाले. तिसरे पाकीट मागवतो. बिनदुधाच्या कपात तुमचे म्हणणे खरे ठरेल असे आता मलाही वाटू लागले आहे. पण दुधाळ यांच्या दीडशे मिलिलिटर दुधात गडद अरेबिका टिकेल, यावर मी पैज लावणार नाही.