चामडं-स्टीलचं हातावरचं चिलखत: पट्ट्यांखाली गंज येतोय, काय करू?

फ्रँकफर्टकर: नमस्कार मंडळी, इथे फ्रँकफर्टमध्ये १४व्या शतकातल्या लढाया उभ्या करणारा एक ग्रुप आहे, त्यांच्यात जायला लागलोय. इथल्या कॅथेड्रलमध्ये ग्युंटर फॉन श्वार्त्सबुर्ग या जर्मन सरदाराची (मृत्यू १३४९) थडग्यावरची मूर्ती आहे, तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत उभ्या पट्ट्या दिसतात, ते बघितल्यापासून मला तेच हवं होतं. ऑनलाइन जोडी मागवली, चामड्यावर स्टीलच्या सात पट्ट्या रिव्हेटने (ठोकून बसवायच्या खिळ्याने) जोडलेल्या, आतल्या बाजूने दोन बक्कल. दोनच महिन्यांत पट्ट्यांच्या कडेने गंज आला आणि हात दुमडला की वरची कड कोपराच्या लवणीत रुतते, काळंनिळं होतं. दुकानदार म्हणतो तुमच्या घामाने झालं. खूप जीव लावून घेतलेली वस्तू आहे हो, वाचेल का?

चर्मकाम_कोल्हापूर: घाम सोडा, आधी चामडं बघा. कड ब्लेडने जराशी कापा. आतून निळसर राखाडी निघालं तर ते क्रोममध्ये (क्रोमियमच्या क्षारांत) कमावलेलं, त्यातले क्षार ओल लागली की स्टील खातात. आरपार तपकिरी असेल तर झाडाच्या सालीत कमावलेलं. आमच्याकडे चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात, युरोपात तेव्हा ओकची साल वापरायचे, काम तेच. क्रोम आलं १९व्या शतकात, त्यामुळे तुमच्या काळाला ते तसंही चालत नाही.

ऐरण_हातोडा: वर बरोबर सांगितलंय. रुतण्याचं म्हणाल तर माप उघड्या हातावर घेतलंय का? आत जाड शिवलेली गादीची बाही असते, तिच्यावरून घ्यायचं, तेही मूठ आवळून, कारण मूठ आवळली की कोपराखालचा स्नायू फुगतो. आतली कड लवणीपासून दोन बोटं खाली गोलाकार कापा, बाहेरची बाजू उंच राहू दे. पट्ट्या सपाट असतील तर आडव्या थोड्या गोलावून घ्या, सपाट पट्टी फटक्याने वाकते. आणि एक, स्वीडनमधल्या विस्बीला १३६१ च्या लढाईची सामूहिक थडगी उकरली तेव्हा लोखंडी पत्रे भरपूर मिळाले, चामडं बहुतेक कुजून गेलेलं, म्हणून चामड्याच्या आकारासाठी तुमची ती मूर्तीच नीट बघा.

फ्रँकफर्टकर: कापून बघितलं, आत स्वच्छ निळसर राखाडी. आणि माप मी खरंच उघड्या हातावर दिलं होतं.

चर्मकाम_कोल्हापूर: मग चामडं बदला, पट्ट्या टाकू नका. रिव्हेटची मागची डोकी ड्रिलने काढा, पट्ट्या घासून आतूनसुद्धा तेल-मेण लावा, सालीत कमावलेलं साडेतीन-चार मिलिमीटरचं चामडं घ्या आणि मागे वॉशर घालूनच रिव्हेट ठोका, नाहीतर भोक फाटतं. पहिल्यांदा एकच हात करा, घालून तलवार फिरवून बघा, मगच दुसरा कापा.