मदत हवी आहे: खणाचं पोलकं डोक्यावरून जाईना, शनिवारच्या आत काय करता येईल?

चिऊचीआई (मंगळवार, रात्री ११:४०)
पोलकं शिवून झालं, गळ्याला पट्टी लावली, बाह्या लावल्या. आत्ता मुलीला झोपेतून उठवून घालून बघितलं तर कपाळापर्यंत आलं आणि तिथंच अडकलं. जरा जोर लावला तर कान घासला, रडून झोपली बिचारी. माप बरोबर घेतलं होतं, दोनदा तपासलं होतं.
शनिवारी ललिता पंचमी. आमच्या कोल्हापुरात अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या देवळाला जाते, तिथं तिला परकर-पोलक्यात न्यायचं असं आमच्या सासूबाईंच्या फार मनात आहे. उद्या-परवा मला कामावरून यायला सात होतात. खण महाद्वार रोडवरून आणला होता, तोच रंग परत मिळेल का माहीत नाही.
गळा मोठा कापू का? किती कापू? कात्री हातात घेऊन बसले आहे, लवकर सांगा.

पुणेरीसुई (११:५२)
आधी कात्री खाली ठेवा. वय किती? गळ्याचा घेर किती, डोक्याचा घेर किती? उघड, म्हणजे घालण्या-काढण्यासाठीची फट, कुठं ठेवली आहे, पुढं की मागं? हे सांगितल्याशिवाय "किती कापू"चं उत्तर देता येत नाही. नुसता गळा मोठा केलात तर डोकं जाईल, पण पोलकं खांद्यावरून घसरत राहील.

चिऊचीआई (११:५८)
पाच वर्षं पूर्ण. उघड ठेवलेली नाही. तिच्या टी-शर्टला तरी कुठं असते? गळा पंधरा इंच भरतोय. डोकं मोजलं नाही, झोपली आहे.

दोनपोरांचाबाप (बुधवार, सकाळी ६:१५)
ताई, एवढा जीव कशाला जाळताय? इथल्या गांधीनगरच्या बाजारात जा, तयार परकर-पोलकं मिळेल, मापाचं मिळेल, तासाभरात काम होईल. आमच्या दोन्ही पोरांचे सणाचे कपडे तिथूनच येतात. तुमची झोप जास्त महत्त्वाची आहे.

चिऊचीआई (६:४०)
तयार घ्यायचं नाही हो. परकर तिच्या पणजीच्या इरकली साडीचा केलाय, तो झालाय आणि छान झालाय. पोलक्याचंच अडलंय. डबे भरायचेत, दुपारी बघते.

पेठेतलीमावशी (७:०५)
बाळ, घाबरू नको. मी चाळीस वर्षं झाली शिवतो, पोरींची शे-दीडशे पोलकी शिवली असतील. मुळात पोलक्याला पुढून उघड असतीच. मधोमध उभं काप, दोन्हीकडं पट्टी लाव, चार बटणं लाव. झालं की काम.

पुणेरीसुई (७:३०)
दादा, पुढून कापलं तर खणाची बुट्टी मधोमध तुटेल. लहान मुलांना मागूनच उघड द्यावी.

पेठेतलीमावशी (७:४१)
दादा नव्हे, मावशी हाय मी. आमच्या कोल्हापुरात बायका पण "मी करतो, मी जातो" असंच बोलतात. आणि बुट्टीचं म्हणशील तर बेतताना नीट बघितलं की तुटत नाही. पुढून बटणं असली की पोर आपलं आपण घालती. मागून असली की सकाळच्या घाईत आईच लागती. जिच्या घरी दोन लेकरं आणि नोकरी, तिनं पुढूनच द्यावं.

पुणेरीसुई (७:५०)
माफ करा मावशी. तुमचा मुद्दा रोजच्या कपड्याला लागू आहे. पण हे पोलकं शिवून झालेलं आहे, बेतायचं नाही. आता पुढं कापलं तर चूक सगळ्यांच्या समोर दिसेल.

निपाणीकर (९:१०)
धागा तुटत असेल तर सुई बदला. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्याच बाजूनं ओवायचा. खाली गुंता होत असेल तर वरचा दोरा ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो, लोक उगाच बॉबिन काढून बसतात. दाबपट्टी वर करून परत ओवा, नव्वद टक्के वेळा तिथंच दुखणं असतं.

चिऊचीआई (दुपारी १:२०)
मशीन चांगलं चालतंय, सासूबाईंचं पायमशीन आहे. पण हे लिहून ठेवलं, मागच्या महिन्यात असा गुंता झाला होता.
डोकं सकाळी मोजलं, वीस इंच. आणि एक सांगायचं राहिलं, दंडालाही घट्ट होतंय. एक बाही कशीबशी घातली तर हात वर करता येईना तिला.

मागवाला (१:४५)
दंडालाही घट्ट म्हणताय म्हणून विचारतो. माप कशावरून घेतलं होतं? अंगावरून की कपड्यावरून?

चिऊचीआई (१:५०)
तिचा चांगला बसणारा टी-शर्ट कागदावर पसरला आणि भोवतीनं पेन्सिल फिरवली. वर शिवणीत जायला अर्धा इंच माया ठेवली. म्हणून तर म्हणते माप बरोबर आहे.

मागवाला (२:१०)
तिथंच घोटाळा आहे, आणि तुमच्या हातात काही खोट नाही. टी-शर्ट होजिअरीचा. त्याची वीण स्वेटरसारखी, फासात फास अडकवलेला. ओढलं की फास लांबतो आणि सोडलं की परत येतो. पंधरा इंचाचा गळा वीस इंचाच्या डोक्यावरून जातो तो त्यामुळं. खणात उभा ताणा आणि आडवा बाणा, दोन्ही ताठ. तो कुठंच लांबत नाही. फक्त तिरका, म्हणजे उरेब ओढला तर थोडा सैल पडतो, म्हणून तर गळ्याला उरेब पट्टी लावतात.
कुठल्याही साध्या कापडाला अंगापेक्षा तीन-चार इंच मोकळीक द्यावीच लागते. टी-शर्टला ती द्यावी लागत नाही. टी-शर्टवरून टी-शर्टच बेतावा. पोलकं बेतायचं तर जुन्या पोलक्यावरून, नाहीतर शाळेच्या सुती शर्टावरून.
छाती किती आहे मुलीची? आणि पोलक्याचा घेर किती भरतोय?

चिऊचीआई (२:२२)
अरे देवा. हे कुणी सांगितलंच नव्हतं मला. छाती साडेबावीस. पोलकं साडेतेवीस भरतंय.

मागवाला (२:३०)
मग एक इंच मोकळीक आहे. सव्वीस पाहिजे. अडीच इंच वाढवावं लागेल.

इचलकरंजीची (२:५०)
मागवाला, तुम्ही आमच्या गावचेच दिसता. माझे वडील सायझिंगमध्ये, म्हणजे सुताला खळ लावायच्या कामात होते. १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून गावात कापड ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

पेठेतलीमावशी (३:०५)
आणि कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ साली मिल काढली. भोंगा झाला की आमच्या घरी चुलीवर भात ठेवायचा, घड्याळ नव्हतंच. मिलमधून तागा यायचा आणि एका ताग्यात सगळ्या पोरांचे कपडे व्हायचे, पोरी-पोरं एकाच कापडात.

पुणेरीसुई (३:२०)
छान आठवण आहे, पण त्या ताईंची रात्र वाया जायला नको. मुद्द्यावर या.

पेठेतलीमावशी (३:४०)
आलो मुद्द्यावर. बाळ, लक्ष देऊन वाच.
बगलेत घट्ट होतंय त्याला चौबगला घालायचा. आमची आजी अंगरख्याला घालायची. काखेत चौकोनी तुकडा बसवला की हात वर होतो. पण तुझं सगळंच अंग घट्ट हाय, म्हणून नुसता चौबगला नको. बगलेपासून खाली कडेची शिवण उसव, आणि बाहीची खालची शिवण पण उसव. दोन्ही मिळून एकच लांब फट होती. त्या फटीत एकच लांब पट्टी बसवायची, बाहीच्या काठापासून पोलक्याच्या खालच्या काठापर्यंत. पट्टी सव्वादोन इंच रुंद काप, दोन्हीकडं अर्धा इंच शिवणीत गेला की सव्वा इंच उरती. दोन बाजू मिळून अडीच इंच वाढलं. दंड पण सैल झाला, काख पण मोकळी झाली.
खण उरला नसेल तर पट्टी इरकलीची लाव. परकराचं आणि पोलक्याचं नातं जुळतंय, मुद्दाम केल्यासारखं दिसतंय.

पुणेरीसुई (४:०५)
मावशी, हे उत्तम. मी वेगळी कळी, म्हणजे तिकोनी तुकडा, सांगणार होते, पण तुमची एकसंध पट्टी सोपी आहे आणि कोपरे शिवायचे नाहीत.
एक काळजी घ्या: खणाचे धागे फार सुटतात. उसवताना ओढू नका, प्रत्येक तिसरा टाका कापा आणि मग दोरा अलगद निघेल. उसवलेली कड पिको-फॉलवाल्याकडून इंटरलॉक करून घ्या, नाहीतर दोन धुण्यांत माया संपेल.

चिऊचीआई (संध्याकाळी ७:३५)
नुकतीच घरी आले. इरकलीचा अर्धा मीटर उरलाय, काठासकट. बगल समजली. पण डोक्याचं काय? पुढून का मागून, अजून ठरलं नाही तुमचं.

पुणेरीसुई (७:५५)
मागून. आणि पूर्ण पाठ उघडायची गरज नाही, चार इंच चीर पुरे. चार इंचाची चीर म्हणजे तिच्या दोन्ही कडा मिळून आठ इंच वाढतात. पंधरा आणि आठ तेवीस. डोकं वीस. आरामात जाईल.
करायचं असं: मागच्या गळ्याची पट्टी मधोमध दोन इंच उसवा. मध्यावर खडूनं चार इंचाची रेघ. कापू नका. पोलक्याच्या सुलट बाजूवर इरकलीचा तुकडा उलटा ठेवा, रेघेच्या दोन्ही बाजूंनी एकेक सूत (इंचाचा आठवा भाग) सोडून टीप मारा, खाली टोकाला निमुळती करत आणा आणि टोकाशी एक आडवा टाका घ्या. मग मधोमध कापा, टोकाच्या टाक्यापर्यंत, टाका न कापता. तुकडा आत उलटा, इस्त्री करा. वर गळ्याची पट्टी परत बसवा. आधी टीप आणि मग काप, हा क्रम चुकवू नका.

पेठेतलीमावशी (८:१०)
मी अजून पुढून म्हणतो. पण शिवलेल्या पोलक्याला मागून चालतंय, हे मान्य. पुढच्या वेळी पुढून.

दोनपोरांचाबाप (८:२५)
बंद करायला टिचबटण लावा, सोपं पडतं. किंवा गोंड्याच्या लांब नाड्या, सुंदर दिसतात.

आजीचीपेटी (८:४०)
लांब नाड्या गळ्याशी नकोत. घसरगुंडीत, पाळण्यात अडकतात, मुलीचा गळा आवळू शकतो. जत्रेच्या गर्दीत तर मुळीच नकोत. दोऱ्याचा फास आणि कापडी बटण लावा.
घरात आणखी लहान मूल आहे का?

चिऊचीआई (८:५०)
हो, धाकटा दीड वर्षाचा. दिसेल ते तोंडात घालतो. त्याच्यामुळंच रात्री दहाच्या आधी मशीनला हात लावता येत नाही, चाकात बोटं घालतो.

आजीचीपेटी (८:५५)
मग टिचबटण नकोच. कापडी बटण घट्ट दोऱ्याचा दांडा करून लावा आणि ओढून बघा. आणि मशीन मिटल्यावर पट्टा चाकावरून उतरवून ठेवत जा, धाकट्यानं पायडल दाबलं तरी सुई हलणार नाही.

नवीआई (९:२०)
धागा वाचते आहे. माझ्या भाचीला बारशाला कुंची शिवायची आहे, झालरीला किती कापड लागेल? दुपटं पण करायचं आहे.

पुणेरीसुई (९:३०)
कृपया वेगळा धागा काढा, तिथं नक्की सांगेन.

मागवाला (९:४०)
शिवायच्या आधी एक काम करा. इरकलीवर ओला पांढरा फडका घासून रंग बघा. जुन्या साडीचा सुटायचा तो बहुतेक सुटून गेलेला असतो, पण लाल पदराचा तुकडा असला तर बघाच. पोलक्यात लाल उतरला तर खण गेला.

चिऊचीआई (शुक्रवार, पहाटे १२:३५)
झालं.
पदराचा तुकडा घेतलाच नाही, अंगातला घेतला. फडक्याला रंग आला नाही. कडेच्या शिवणी कालच उसवल्या, सासूबाई आणि मी दोघी दोन बाजूंनी. त्यांचे हात थरथरतात आता, पण टाका मात्र माझ्याहून नेमका कापतात. इंटरलॉक आज कामावरून येताना राजारामपुरीत करून घेतलं.
मागची चीर तुम्ही सांगितलीत तशीच केली. कापताना टोकाशी आल्यावर हात थांबला, मग नखानं तो आडवा टाका दाबून धरला आणि कात्री त्याच्या अलीकडं थांबवली. उलटून इस्त्री केल्यावर टोक सपाट बसलं, चुणी आली नाही.
मुलगी जागीच होती. डोकं गेलं, कान घासला नाही. दोन्ही हात वर करून फिरून दाखवलं तिनं. पट्टीचा निळा काठ काखेतून दिसतो तेव्हा छान दिसतो, मावशी, तुमचं बरोबर होतं.
एकच: बाहीच्या काठाशी पट्टी सव्वा इंच राहिल्यानं बाही जरा पसरट दिसते. तिथं चालेल ना?

पेठेतलीमावशी (सकाळी ६:५०)
काठाशी चिमटीभर निमुळती करून आतून टीप घाल. बगलेत हात लावू नको. आणि परकराला आत दोन इंच दुमड ठेवलीस ना? नसशील तर आजच नेफ्याखाली आडवी टीप घालून घे, पुढच्या वर्षी उसवून उंची वाढवता येती.

चिऊचीआई (७:१०)
दुमड दीड इंच आहे. बाही आज रात्री निमुळती करते.