उच्चाराची चिन्हं शिकवली तर स्पेलिंग बिघडतं का?

शिकवणीवाली_सिडको:
नमस्कार, नाशिकला सिडकोत घरीच शिकवणी घेते, सहावी-सातवीची सेमीची मुलं आहेत. डिक्शनरीत शब्दापुढे तिरप्या रेघांत उच्चाराची चिन्हं असतात ना, आयपीएची, ती दिवाळीनंतर शिकवायला घेतली. उच्चार खरंच सुधारले, कॅट आणि कट मुलं आता नीट वेगळं म्हणतात. पण वहीत भलतंच दिसायला लागलंय, एक मुलगी कॅट के ने लिहिते, एकाने येस लिहिताना सुरुवातच जे ने केली कारण चिन्हांत य साठी जे असतो. पालक विचारतायत आणि चाचणी तोंडावर आलीय. बंद करू की चालू ठेवू?

पंचवटीकर:
बंद करा ताई. मराठी, इंग्रजी दोन लिप्या सांभाळतानाच पोरांची दमछाक होते, त्यात तिसरी कशाला? उच्चार मोबाईलवर ऐकवता येतो की आता.

नाशिकरोड_मास्तर:
मला नाही पटत. ऐकून कळेलच असं नाही, व्ही आणि डब्ल्यू दोन्ही आपल्याला व च ऐकू येतात, चिन्ह समोर असलं की मूल ओठांकडे लक्ष देतं. आणि ताई, के आणि जे च्या चुका फार टिकत नाहीत, त्या लगेच दिसतात आणि मूल स्वतःच सुधारतं. खरा त्रास उलट्या ई चा, म्हणजे पुसट अ च्या ə या चिन्हाचा आहे. टीचर, डॉक्टर, कॅलेंडर, ब्रिटिश उच्चारात तिन्हीचा शेवट सारखाच, चिन्ह एकच, पण स्पेलिंगमध्ये ई-आर, ओ-आर, ए-आर. आपल्या मुलांना देवनागरीमुळे ऐकलं तसं लिहायची सवय असते आणि इंग्रजीत अक्षरं 26, आवाज साधारण 44, तिथे ती सवय चालत नाही. म्हणून चिन्हं फक्त वाचायला द्या, लिहून घेऊ नका. आणि स्पेलिंग शब्दांच्या कुटुंबातून घ्या, साइन मधला जी ऐकू येत नाही पण सिग्नेचर म्हटलं की येतो, हे मुलांना इतकं आवडतं की परत सांगावं लागत नाही.

कॉलेजरोड_वाचक:
याच्या जवळचा एक प्रयोग ब्रिटनमध्ये झाला होता, 1960 च्या दशकात. जेम्स पिटमन यांनी 44 चिन्हांची लिपी काढली, लहान मुलांना आधी तीच शिकवायची आणि मग नेहमीच्या स्पेलिंगवर आणायचं. वाचायला मुलं पटकन लागली पण नेहमीच्या स्पेलिंगवर येताना बऱ्याच जणांना जड गेलं आणि पुढे ती लिपी मागे पडली. अर्थात तिथे मुलं त्या लिपीत लिहीत होती, आयपीए डिक्शनरीपुरती ठेवली तर गोष्ट वेगळी. पण सहावी लहानच, मी असतो तर आठवीपर्यंत थांबलो असतो.

शिकवणीवाली_सिडको:
आठवीपर्यंत नाही थांबणार, उच्चाराच्या वाईट सवयी तोवर पक्क्या होतात, हे मी रोज बघते. पण मास्तरांचं पटलं, चिन्हं आता मी फळ्यावर लिहीन, मुलांनी वाचायची आणि वहीत नुसतं स्पेलिंग. सोमवारी श्रुतलेखन घेतेय, टीचर-डॉक्टर सारखे अजून शब्द असतील तर टाका ना.

नाशिकरोड_मास्तर:
ग्रामर, डॉलर, शुगर ए-आर. ॲक्टर, मिरर, एरर ओ-आर. शुगर नक्की घ्या, त्यात श चा आवाज एकट्या एस ने लिहिलाय, तिथे बरीच मुलं एच घालतात.