भुयारात इअरप्लग वाटले की आवाजाचा बंदोबस्त झाला का?

पाथरवट
खाणीत नवा बोगदा पाडायचं काम चालू असतं तेव्हा आवाजाचा विषय काढला की ठरलेलं उत्तर येतं, "इअरप्लग दिलेत ना?" दिलेत, मान्य. पण त्याला बंदोबस्त म्हणायला मी तयार नाही.

हवेवर चालणारं हाताचं ड्रिल ११० डेसिबलच्या घरात सहज जातं. कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या अमेरिकेच्या नायॉश संस्थेची शिफारस आहे ८ तासांना ८५ डेसिबल, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला ४ तास, १०० ला १५ मिनिटं, आणि ११० ला जेमतेम दीड मिनिट.

आता प्लगचं बघा. ३० डेसिबल अडवणारा एकदम भारी प्लग घेतला आणि ८ तासांच्या गोंगाटात तो एकूण ४८ मिनिटं कानाबाहेर राहिला, तर दिवसभराचा फायदा १० डेसिबलच्या आत येतो. ३० चे १०! आणि तो बाहेर राहतोच. ग्रीस आणि चिखलाने माखलेल्या बोटांनी फोमचा प्लग वळून कानात बसवून दाखवा, मग बोलू.

माझ्या मते सुरुवात बोगद्यात हवा खेळवणाऱ्या पंख्यापासून करावी. ड्रिल काही तास चालतं, पंखा मात्र सगळी शिफ्ट डोक्यावर घोंघावत असतो.

बोगदेवाला
पाथरवट, कागदावर छान आहे. पंखा ९८ आणि ड्रिल १०५ धरा. दोन्ही मिळून १०६ च्या जरा आत. पंखा पूर्ण बंद केलात तरी उरले १०५. एका डेसिबलपायी पंख्याला सायलेन्सर लावायचा, तो दर काही दिवसांनी फेसबरोबर (म्हणजे बोगद्याचं खोदायचं टोक) पुढे सरकवायचा, त्यात शॉटक्रीटची, म्हणजे भिंतीवर फवारतात त्या काँक्रीटची, ओली धूळ बसली की हवा अडते, आणि हवा कमी झाली की स्फोटानंतरचा धूर निघायला वेळ. धुराने माणूस आजच जातो, कान वीस वर्षांनी. मी धूर आधी बघणार.

तयार खाणीत हे सगळं जमतं. बांधकामात मात्र जे उभारतो ते महिन्याभरात उखडायचंच असतं.

पाथरवट
तुमची बेरीज बरोबर आहे, पण ती ड्रिल चालू असतानाची. बाकीच्या वेळात सर्व्हेवाला, वायरमन, सुरुंग भरणारी पोरं तिथेच असतात. त्यांच्या कानांवर ९८ चा पंखाच आदळतो, आणि ९८ ला हिशेबाने अर्धा तासही मिळत नाही.

हवा अडण्याचं म्हणाल, तर सायलेन्सरमधल्या आवाज शोषणाऱ्या लोकरीवर पातळ पापुद्रा आणि वर भोकांचा पत्रा असेल तर धूळ आत जात नाही. पण त्याआधी डक्ट, म्हणजे पंख्याची हवा आत नेणारी कापडी नळी, बघा! जागोजागी फाटलेला असतो, अर्धी हवा वाटेतच गळते, म्हणून पंखा जोरात पळवायचा. तो नीट शिवला आणि वेग २० टक्क्यांनी उतरवला, तर आवाज साधारण ५ डेसिबलने खाली येतो आणि वीज जवळपास निम्मी लागते. इथे कोणाचा तोटा आहे ते सांगा.

कानोसा
दोघांनाही एक विचारते. छताचं काय? स्फोटानंतर पहारीने खडक ठोकतात तेव्हा घट्ट दगड खणकन वाजतो आणि सुटलेला पोकळ, ढब्ब असा. जुनी माणसं त्या ढब्बवर मागे सरतात. मला हे शिकवणाऱ्याने सांगितलं होतं, पहार हातात असेल तेव्हा कानात काही घालू नकोस. मशीन उलटं येत असेल तर त्याचा भोंगाही ऐकू यायला हवा. म्हणून सरसकट "प्लग घाला" या नियमाला माझा विरोध आहे.

बोगदेवाला
ताई, हे मात्र उलटंही लागू होतं. सतत गोंगाटात राहिलेल्याचे कान आधी ४००० हर्ट्झच्या आसपास जातात. तो ढब्ब खालच्या पट्टीतला असल्यामुळे बराच काळ ऐकू येत राहतो आणि माणसाला वाटतं आपण ठणठणीत आहोत. भोंगा आणि हाका आधी हरवतात. त्यामुळे ठोकताना प्लग काढा, पण सगळी यंत्रं बंद करूनच. आणि आवाजानुसार आपोआप कमीजास्त होणारे इअरमफ मिळतात, तेही आहेतच.

कानोसा
यंत्रं बंद करून? पंख्यासकट? मग धूर?

पाथरवट
पंखा बंद नाही करायचा, म्हणून तर तो शांत हवा!

बोगदेवाला
बरं, इथे पकडलंत. डक्ट शिवायचं पटलं, उद्या फोरमनशी बोलतो. सायलेन्सरबद्दल अजून नाही. आणि ड्रिलचं काय, ते सोडूनच दिलंत? केबिनवाला जम्बो, म्हणजे ड्रिलचं मोठं यंत्र, प्रत्येक अरुंद फाट्यात शिरत नाही.

पाथरवट
नाही शिरत. तिथे हाताचंच ड्रिल, एक्झॉस्टला मफलर, आणि ड्रिलवाल्याला प्लगवर इअरमफ असं दुहेरी. दोन्ही घातले तरी दोघांची बेरीज होत नाही, वर जेमतेम पाचेक डेसिबल मिळतात. त्या माणसासाठी माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पाळ्या लावून तास वाटून घेणं, एवढंच.

कानोसा
पाळ्या लावल्या की एकाऐवजी चार जणांचे कान थोडे थोडे जातात, तेही लिहा.