कुंभारकन्येच्या कथेवर कागदी कटआउटची शॉर्टफिल्म: सांधे, लुकलुक, बाराबंदी

कात्री_सोलापूर: सोलापूरचे ग्रामदैवत सिद्धरामेश्वर यांच्या योगदंडाशी (हातातल्या दंडाशी) कुंभारकन्येचा विवाह आणि शेवटी सात नंदीध्वजांची, म्हणजे उंच मानाच्या काठ्यांची मिरवणूक, असा दोन मिनिटांचा सिनेमा एकेक फोटो काढत करतोय. आडवी काच, खालून एलईडी, वर मोबाइल. सांध्यांना फाइलचे पितळी ब्रॅड लावलेत. हात हलवला की अख्खी बाहुली डुगडुगते, चित्र लुकलुकतं आणि ध्वज धरणाऱ्यांची पांढरी बाराबंदी (बंदांचा पारंपरिक अंगरखा) काळी दिसते. काय करू?

तारओवी: ब्रॅड आधी काढा. त्याचे दुमडलेले पाय काचेला लागतात, म्हणून बाहुली झोके खाते. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानात तांब्याची बारीक तार मिळेल. 300 जीएसएमच्या जाड कार्डाला सुईनं भोक पाडा, तार ओवा, दोन्ही बाजूंना छोटं वेटोळं करून चपटं दाबा. खांदा आणि दंड, दोन्ही टोकं सारख्या गोलाईची कापा आणि भोक बरोबर मधोमध घ्या. नाहीतर हात वर गेला की खांद्याला कोपरा फुटतो.

बाराबंदीसाठी कार्डाला खिडकी कापून मागून ट्रेसिंग पेपर लावा, उजेडात ती छान पांढरी उजळेल. पातळ केलेला फेविकॉल मात्र नको. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तो वाळताना कागद वळतो. ग्लू स्टिक वापरा. सांध्यापाशी काळी कड ठेवा, ट्रेसिंगवर ट्रेसिंग आलं की तिथे डाग दिसतो.

बारा_फ्रेम: सेकंदाला 12 धरले तरी तुमचे 1440 फोटो होतात आणि ऑटोवर मोबाइल प्रत्येक वेळी उजेड नव्यानं ठरवतो. आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता), शटर, व्हाइट बॅलन्स (रंगछटा), फोकस सगळं लॉक करा. आपली वीज 50 हर्ट्झची, दिवे तिच्या तालात लुकलुकतात, म्हणून शटर 1/50 किंवा 1/25 सेकंद. व्होल्टेज खाली-वर होत असेल तर बॅटरीवरचा पॅनेल घ्या. खिडकी काळ्या कापडानं झाका आणि शर्टही काळाच घाला, पांढरा काचेत दिसतो. शटर ब्लूटूथ रिमोटनं दाबा. पंखा बंद.

काठी_आणि_कागद: नंदीध्वजाला एकच ताठ काडी लावू नका, जड वाटणार नाही. सरळ, किंचित डावीकडे आणि किंचित उजवीकडे वाकलेली, अशा तीन काठ्या कापा. आधी धरणाऱ्याची कंबर सरकते, शेंडा दोन फोटो मागून येतो आणि टोकाला पोचल्यावर दोन फोटो तिथेच थांबतो. वजन त्या थांबण्यातच दिसतं. पाऊल 6 फोटोंत टाकलं तर चाल झपझप होते; इथे 9-10 द्या. सातही ध्वज एका काचेवर मांडू नका. मागचे लहान कापून 8-10 सेंटिमीटर खालच्या काचेवर ठेवा, थोडे धूसर होऊन लांब वाटतील.

आणि अक्षतेच्या दृश्यात सिद्धरामेश्वरांना नवरदेव करू नका. विवाह योगदंडाशी आहे. फ्रेमच्या मधोमध दंड आणि बाजूला कुंभारकन्या, एवढंच ठेवा.